मैल्याच्या टाक्या उपसण्याची पाळी ठरवावी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गिरणाकाठच्या एका तालुक्याच्या गावी मी एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले आणि निवृत्तीनंतर तेथेच राहतो. गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत जे घडले, ते खानदेशातल्या कोणत्याही गावात उद्या घडू शकते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

एका शेजाऱ्यांच्या घरी संडासाचे पाणी उतरेनासे झाले. बादली ओतली की पाणी भांड्यात वर येऊन थांबे आणि बऱ्याच वेळाने सावकाश खाली जाई. घर अठ्ठावीस वर्षांपूर्वीचे आणि मैल्याची टाकीही तेवढीच जुनी. टाकीचे झाकण शोधू लागलो तेव्हा लक्षात आले की काही वर्षांपूर्वी अंगणात फरशी बसवली, तिच्याखाली ते गाडले गेले आहे. अदमासाने दोन ठिकाणी फरशी फोडल्यावर झाकण सापडले. ते उचलले, तर पाण्याऐवजी अगदी वरपर्यंत काळा, घट्ट गाळ साचलेला होता. घरमालक चकित होऊन मला म्हणाले, “सर, आमनी टाकी अठ्ठावीस वरीसमा एकदाबी भरनी नही!”

हे वाक्य मी आमच्या भागात अनेकदा ऐकले आहे, आणि ते नेहमी समाधानाने सांगितले जाते. टाकी कधीच भरली नाही म्हणजे गवंड्याने काम चोख केले, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज चुकीचा आहे आणि त्याची किंमत आपण विहिरींतून, हातपंपांतून आणि नदीनाल्यांतून मोजतो आहोत, एवढेच मला मुख्यतः सांगायचे आहे.

मैल्याच्या टाकीला, म्हणजे सेप्टिक टँकला, आपल्याकडे पुष्कळ लोक ‘सेफ्टी टाकी’ म्हणतात. नाव ऐकून वाटते की घाण आत गेली आणि कायमची बंदिस्त झाली. प्रत्यक्षात ती साठवणीची टाकी नाहीच. वापर सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत ती बाहेर जाणाऱ्या पाइपच्या पातळीपर्यंत पाण्याने भरते आणि नंतर नेहमी तेवढीच भरलेली राहते. वरून जेवढे पाणी आत येते, तेवढेच दुसऱ्या टोकाने बाहेर पडते. मधल्या काळात जड मैला तळाशी बसतो, तेलकट व हलका भाग साय धरल्यासारखा वर तरंगतो आणि या दोन थरांमधले गढूळ पाणी पुढे सरकते. तळाच्या मैल्यावर हवेशिवाय जगणारे जीवाणू काम करतात, त्याचा बराचसा भाग विरघळवतात आणि त्यातून मिथेन, हायड्रोजन सल्फाइड यांसारखे वायू तयार होतात. आपल्याकडच्या उष्ण हवामानात हे काम थंड प्रदेशापेक्षा लवकर होते, पण पूर्ण कधीच होत नाही. जे विरत नाही ते गाळ होऊन साचत राहते. तेव्हा टाकी ‘भरणे’ याचा अर्थ पाण्याने भरणे नसून गाळाने भरणे असा आहे, आणि ते वरून दिसत नाही.

याचा हिशेब अवघड नाही. भारतीय मानक ब्यूरोच्या आय. एस. २४७० या संहितेत पाच माणसांच्या घरासाठी सुमारे दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि एक मीटर पाण्याची खोली असलेली टाकी सांगितली आहे. म्हणजे साधारण ११२५ लिटर. माणशी वर्षाला ४० लिटर गाळ धरला, तरी पाच माणसांचा तीन वर्षांत ६०० लिटर होतो, म्हणजे अर्ध्याहून जास्त टाकी गाळानेच व्यापते. मग पाण्याला आत थांबायला जागा उरत नाही. मैला तळाशी बसण्यासाठी पाणी टाकीत निदान एक दिवस संथ राहायला हवे. ते न राहता घुसळत पुढे गेले, तर कच्चा मैलाच पाण्याबरोबर बाहेर पडतो. दर दोन-तीन वर्षांनी टाकी उपसावी असे तज्ज्ञ सांगतात, ते यासाठी.

मग अठ्ठावीस वर्षे न भरलेल्या टाकीचे काय झाले असेल? एक तर गवंड्याने तळाला काँक्रीट न घालता तो मुद्दाम कच्चा सोडला असेल, आणि ‘टाकी कधी भरणार नाही’ असे सांगून तेच आपले कौशल्य म्हणून मालकाला पटवले असेल. तसे असल्यास मैल्याचे पाणी वर्षानुवर्षे जमिनीत मुरत राहिले. नाही तर टाकीचा बाहेरचा पाइप थेट गल्लीतल्या उघड्या गटारीत सोडलेला असेल आणि गाळ त्या वाटेने वाहत गेला असेल. शेजाऱ्यांकडे हा दुसरा प्रकार होता. शेवटी पाइपच तुंबला, म्हणून इतक्या वर्षांनी घरच्यांना टाकीची आठवण झाली. टाकीतून निघणारे पाणी उघड्या गटारीत सोडू नये, असे त्याच संहितेत स्पष्ट लिहिले आहे. कारण टाकीतून बाहेर पडणारे पाणी दिसायला थोडे निवळ असले तरी त्यातली विरघळलेली घाण आणि रोगजंतू बहुतांशी तसेच असतात. ते शोषखड्ड्यात, म्हणजे पाणी जमिनीत झिरपू देणाऱ्या खड्ड्यात, मुरवायचे असते. आमच्या गल्लीत मी चौकशी केली, तेव्हा शोषखड्डा असलेले एकही घर सापडले नाही. गटारीच्या कडेला मुले चेंडू खेळतात आणि चेंडू त्या पाण्यात पडला की हातानेच काढतात, हे मी रोज पाहतो.

येथे आपल्या काळ्या मातीबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण टाक्यांचे नकाशे बहुधा दुसरीकडच्या मातीला धरून काढलेले असतात. तापी-गिरणेच्या खोऱ्यातली ही माती कापसाला आणि केळीला उत्तम, पण शोषखड्ड्याला फार अवघड. ओली झाली की ती फुगते, चिकट होते आणि पाणी मुरू देत नाही. म्हणून श्रावण-भाद्रपदात शोषखड्डे वर उसळतात. वैशाखात तीच माती सुकून आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या दिवसांत टाकीचे पाणी मातीतून गाळले न जाता भेगांवाटे थेट खोल उतरू शकते. गाळण होण्यासाठी पाण्याने मातीच्या कणांमधून हळूहळू झिरपावे लागते, आणि भेगेतून ते नुसते पडते. या मातीत खड्डा बांधताना त्याच्या बाहेरून चहूबाजूंनी सुमारे ३०० मिलिमीटर, म्हणजे एक फूट जाडीचे वाळूचे किंवा बारीक खडीचे वेष्टन भरावे, अशी सूचना केंद्रीय मार्गदर्शक पुस्तिकेत आहे. गवंडीकाम करणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याला मी हे विचारले. त्याने वीस वर्षांत शंभराहून अधिक टाक्या आणि खड्डे बांधले आहेत, पण ही गोष्ट त्याला कोणी सांगितलेली नव्हती. त्यात त्याचा दोष नाही. बांधकामाची परवानगी देताना नकाशावर टाकीचा चौकोन पाहिला जातो, तो जमिनीत कसा उतरला हे पाहायला कोणी येत नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून शोषखड्डा निदान १८ मीटर दूर असावा असा नियम आहे. १८ मीटर म्हणजे ५९ फूट. आमच्या वसाहतीतले भूखंड ३० बाय ५० फुटांचे आहेत. अशा भूखंडाचा कर्ण काढला, तर तो ५८ फूट येतो. म्हणजे एका कोपऱ्यात बोअर आणि समोरच्या कोपऱ्यात खड्डा घेतला तरी नियम पाळला जात नाही, आणि शेजाऱ्याचा खड्डा तर भिंतीपलीकडेच असतो. नळाला पाणी काही दिवसांआड येत असल्याने आपल्याकडे घरोघरी बोअर झाल्या आहेत आणि उन्हाळ्यात तेच पाणी पिण्यालाही वापरले जाते. पावसाळ्याच्या सुरुवातीला गॅस्ट्रो, कावीळ, टायफॉइडचे रुग्ण वाढले की आपण नळाच्या फुटलेल्या वाहिनीला दोष देतो. तो बऱ्याचदा खराही असतो, पण आपल्याच अंगणातल्या टाकीची शंका कोणाच्या मनात येत नाही. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला आणि चाळीसगावात घराघरांत पाणी शिरले, तेव्हा अनेकांनी विहिरींतल्या गाळाची चिंता केली. तशा पुरात मैल्याच्या टाक्याही पाण्याखाली जातात आणि त्यांच्यातले सगळे वर येऊन मिसळते. पूर ओसरल्यावर बोअरचे पाणी क्लोरीनने शुद्ध केल्याशिवाय पिऊ नये, आणि भोवतालची जमीन पाण्याने भरलेली असताना टाकी घाईने रिकामीही करू नये. बाहेरच्या पाण्याच्या दाबाने रिकामी टाकी उचलली जाऊ शकते किंवा तिच्या भिंतींना तडे जाऊ शकतात.

आता प्रसंगाकडे परत येतो. झाकण उघडल्यावर तेथे जमलेल्यांपैकी एकाने सुचवले की मैला उपसणारी गाडी बोलावण्यापेक्षा दोन माणसे आत उतरवली तर काम स्वस्तात होईल. त्याचा हेतू वाईट नव्हता. त्याने असे होताना पाहिले होते. मी त्याला तेथेच थांबवले, आणि हे आपल्या वाचकांनाही कळकळीने सांगतो की मैल्याच्या टाकीत माणूस उतरवू नका. हायड्रोजन सल्फाइडला प्रथम कुजक्या अंड्यासारखा वास येतो, पण त्याचे प्रमाण वाढले की वास ओळखण्याची शक्तीच जाते आणि उतरलेल्या माणसाला धोका टळला असे वाटते. तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी दबा धरून राहतो. गाळ ढवळला की एकदम बाहेर पडतो. पहिला माणूस कोसळला की त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा बातम्या आपल्याच वृत्तपत्रात आपण छापता. सुरक्षा साधनांविना माणसाला टाकीत उतरवणे हा हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली. कायद्याची कलमे बाजूला ठेवली तरी, आपल्या घरचा मैला काढण्यासाठी दुसऱ्याच्या घरचा माणूस मरणाच्या तोंडात द्यायचा का, हा प्रश्न ज्याच्या त्याने स्वतःला विचारावा. झाकण उघडल्यावरही ते बराच वेळ उघडे ठेवून लांब उभे राहावे, वाकून आत पाहू नये, काडी पेटवू नये आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये.

शेवटी गाडी आली आणि नळी टाकून तासाभरात गाळ उपसला गेला. मी चालकाला विचारले, “भाऊ, हे आता नेणार कुठे?” त्याने मोकळेपणाने सांगितले की गावाबाहेरच्या नाल्यात. तो नाला पुढे गिरणेला मिळतो. मला त्या चालकाचा राग आला नाही, कारण रिकामी करण्यासाठी दुसरी जागाच त्याला कोणी दाखवलेली नव्हती. कधीकधी एखादा शेतकरीही खत म्हणून गाडी शेतात ओतून घेतो. ताजा मैलागाळ असा पिकात सोडणे धोक्याचे आहे, कारण त्यातली जंतांची अंडी मातीत कित्येक महिने टिकतात आणि अनवाणी काम करणाऱ्या मजुरांना व कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीला ती घाण लागते. दोन खड्ड्यांच्या संडासात एक खड्डा भरल्यावर बंद करून वर्ष-दोन वर्षे तसाच ठेवला, तर आतला मैला मातीसारखा कोरडा, वासरहित होतो आणि तो खत म्हणून खुशाल वापरता येतो. टाकीतून काल उपसलेला गाळ म्हणजे ते खत नव्हे.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की, टाकी कधी उपसायची हा निर्णय घरमालकाच्या अडचणीवर सोडून चालणार नाही. पाणी तुंबेपर्यंत कोणी झाकण उघडत नाही, आणि तुंबते तोवर गाळ गटारीत गेलेला असतो. सातारा जिल्ह्यातील वाई आणि आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या नगरपालिकांनी यावर उपाय करून दाखवला आहे. तेथे गावाचे भाग पाडून गाडी ठरलेल्या क्रमाने घरोघर जाते आणि प्रत्येक टाकी तीन वर्षांतून एकदा उपसली जाते. घरमालकाने गाडी बोलवायची नाही, त्या वेळी पैसेही द्यायचे नाहीत. खर्च कराच्या रूपाने सर्वांकडून थोडा थोडा वसूल होतो. उपसलेला गाळ प्रक्रिया केंद्रात जातो आणि तेथे वाळवून, निर्धोक करून मगच त्याची विल्हेवाट लागते. गाडीने किती खेपा प्रक्रिया केंद्रावर रिकाम्या केल्या हे पाहून पैसे द्यायचे ठरवले, तर चालकाला नाल्याकडे वळण्याचे कारणच राहत नाही.

खानदेशाला ही कल्पना परकी वाटू नये. पांझरा नदीच्या काठी शेकडो वर्षे चाललेली, बंधाऱ्याचे पाणी पाळीने वाटून घेण्याची फड पद्धत आपण अभिमानाने सांगतो. बंधाऱ्याचे पाणी कोणी मन मानेल तसे घेत नसे. फड, म्हणजे शेतजमिनीचे भाग, ठरलेले, पीक ठरलेले, पाणी फिरवणारा पाटकरी ठरलेला, आणि पाळी आल्याशिवाय कोणाच्या शेतात पाणी जात नसे. येणाऱ्या पाण्याची पाळी ज्यांनी लावली, त्यांच्याच नातवंडांना जाणाऱ्या पाण्याची पाळी लावणे जड जाऊ नये. २०१४ नंतर स्वच्छ भारत मोहिमेत आपल्या तिन्ही जिल्ह्यांत मोठ्या संख्येने संडास बांधले गेले आणि ते चांगलेच झाले. पण त्यांतले पहिले आता दहा वर्षांचे झाले आहेत. बांधण्याचे अनुदान मिळाले, मोजणी झाली, फलक लागले. उपसण्याचे वेळापत्रक मात्र कोणत्याही फलकावर मी अजून पाहिलेले नाही.

घरच्यांनीही काही पथ्ये पाळायला हवीत. सॅनिटरी पॅड, लहान मुलांचे डायपर, प्लास्टिक, तळणाचे तेल आणि उरलेला रंग संडासात टाकू नये. संडास घासण्यासाठी रोज भरमसाट आम्ल ओतल्याने आतले उपयोगी जीवाणू मरतात. टाकीत गूळ, यीस्ट किंवा बाजारातली पावडर टाकली की उपसण्याची गरज राहत नाही, हा समज खोटा आहे. मैल्याबरोबर जीवाणू भरपूर येतात, त्यांना वेगळे पेरावे लागत नाही. उपसल्यानंतर टाकी धुऊन लख्ख करण्याचीही आवश्यकता नाही. दह्यासाठी विरजण ठेवतो तसा थोडा गाळ तळाशी राहू द्यावा. गच्चीचे पावसाचे पाणी टाकीत सोडू नये. टाकीतला वायू बाहेर सोडणाऱ्या व्हेंट पाइपच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी, कारण हत्तीरोग पसरवणारे डास अशाच पाण्यात वाढतात. आणि फरशी बसवताना झाकण उघडे राहील अशी सोय करावी. आपल्या टाकीत गाळ किती आहे हे पाहायचे असेल, तर लांब काठीला पांढरे फडके गुंडाळून ती तळापर्यंत टेकवावी आणि सावकाश बाहेर काढावी. काळ्या डागाच्या उंचीवरून गाळाचा थर कळतो. तो पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांशापर्यंत आला असेल तर गाडी बोलवायला उशीर करू नये. स्वयंपाकघराचे आणि न्हाणीचे पाणी टाकीत न घेता परसातल्या केळीला, अळूला दिले, तर टाकीवरचा भारही कमी होतो.

तरी जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील नगरपालिकांच्या मुख्याधिकाऱ्यांना व लोकप्रतिनिधींना आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून माझी विनंती आहे की त्यांनी येत्या अर्थसंकल्पात तीन गोष्टींची तरतूद करावी: घरपट्टीच्या नोंदीबरोबर प्रत्येक घराच्या टाकीची नोंद, तीन वर्षांच्या पाळीने उपसा, आणि गाडी रिकामी करण्यासाठी प्रक्रियेची एक निश्चित जागा. लहान नगरपालिकेला स्वतंत्र केंद्र परवडत नसेल, तर शेजारच्या दोन-तीन गावांनी मिळून ते उभारावे. पावसाळ्यापूर्वीचे हे दिवस उपशाला सोयीचे असतात, कारण भूजल खाली गेलेले असते आणि गाडी गल्लीबोळांत चिखलात रुतत नाही.

आमच्या गल्लीपुरती सुरुवात आम्ही केली आहे. एकवीस घरांत फिरून टाकीची जागा, बांधल्याचे साल, झाकण उघडते की नाही, पाइप कोठे जातो आणि बोअर किती फुटांवर आहे, हे सर्व एका वहीत उतरवले आहे. सहा घरांत झाकण फरशीखाली निघाले आणि चार घरांत टाकी नेमकी कोठे आहे हे घरात कोणालाच सांगता आले नाही. ती वही मी नगरपालिकेच्या आरोग्य विभागात नेऊन देणार आहे, आणि इतर गल्ल्यांतील कोणाला तशी वही करायची असल्यास तिचा नमुना आनंदाने देईन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
गिरणा परिसर, जि. जळगाव